विषय सोडून बोलू नका!

मराठी माणूस विषयाला धरून बोलतो अशी ठिकाणे दोनच. एक कोर्टातला साक्षीचा पिंजरा आणि दुसरे दंतवैद्याची खुर्ची. पिंजऱ्यात वकील त्याला पुनःपुन्हा ठिकाणावर आणतो आणि खुर्चीत तर त्याला बोलताच येत नाही. बाकी सर्वत्र, बारसे असो की बारावे, बोलणे जेथे सुरू होते तेथे ते कधीच संपत नाही. लग्नाची याद करायला बसलेली मंडळी जागेच्या भावावर येतात आणि जागेचा भाव काढायला गेलेला गृहस्थ मुलीसाठी स्थळ घेऊन घरी परततो. आमच्या घरात तर ‘मी काय सांगत होते?’ या प्रश्नावर दिवसातून चार वेळा तरी गाडी थांबते.

वाचकांच्या हातातला हा अंकच पाहा ना. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाबरोबर अंकही मराठी घरात येऊ लागला. तो त्या ताटासारखाच असतो. चकलीला लागून करंजी, तसे कथेला लागून राशिभविष्य. शेवेवर चिरोटा, तशी व्यंगचित्राखाली पाककृती. कोणी नुसत्या चकल्यांचे ताट पुढे केले तर खाणारा हिरमुसेल. पण त्याच ताटात कोणी वरणभात कालवून ठेवला, तर त्याला फराळ कोण म्हणेल? म्हणजे मिसळ हवी, आणि मिसळीला मर्यादाही हवी. ही मर्यादा आखायची कोणी आणि कोठे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. यंदा आमच्या उलव्यात याच प्रश्नावरून चांगले चाललेले एक मंडळ मोडता मोडता राहिले, म्हणून या खेपेला हे सदर त्याच्यासाठी खर्ची घालतो.

ज्यांनी उलवे पाहिले नाही त्यांच्यासाठी चार ओळी. नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, खाडीकाठी वसलेली ही वसाहत. २०१८ च्या नोव्हेंबरात बामणडोंगरीला लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून निघणारा जवळजवळ बावीस किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात शेजारी विमानतळाचे उद्घाटन झाले. इमारती एवढ्या भराभर उभ्या राहिल्या की शेजाऱ्याचे आडनाव पाठ होईपर्यंत दारावरची पाटी बदलते. कोणी गिरगावातून आलेले, कोणी डोंबिवलीतून, कोणी साताऱ्याहून बदली होऊन. संध्याकाळी खाली बाकावर बसले तर ओळखीचे कोणी दिसत नाही. अशा ठिकाणी पाच-सहा कुटुंबांनी मिळून वाचक मंडळ काढले. नियम मोजके. महिन्याचा दुसरा रविवार, एक पुस्तक, दोन तास आणि शेवटी चहा. वर्षभरात तेवीस सभासद झाले. पुस्तकाच्या निमित्ताने लोक एकमेकांच्या घरी जाऊ लागले, आजारपणात डबे पोहोचू लागले. मंडळाने पुस्तके किती वाचली हे वहीत लिहिलेले आहे. माणसे किती जोडली हे मात्र कोठे लिहिलेले नाही.

यंदा पावसाळ्यात विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचायचे ठरले. धरणासाठी उठवलेल्या माणसांची ही कादंबरी. १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या एक सभासद वहिनी मूळच्या इथल्याच. त्यांचे सासरचे घर विमानतळासाठी हललेल्या दहा गावांपैकी एका गावात होते. त्यांनी महिनाभर रात्री जेवणे झाल्यावर ही कादंबरी सासूबाईंना वाचून दाखवली आणि त्या रविवारी त्यांना बरोबर घेऊन आल्या. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या. नऊवारी नेटकी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात रुमालाची घडी.

चर्चा रंगली. कोणी लेखकाच्या भाषेवर बोलले, कोणी पात्रांच्या गर्दीवर. मग आजींना कोणीतरी विचारले, ‘आजी, तुम्हांला कशी वाटली?’ आजींनी कादंबरीचे नावही घेतले नाही. त्यांनी आमच्या खिडकीतून पूर्वी दिसणाऱ्या डोंगराची गोष्ट सुरू केली. तो उलव्याचा डोंगर विमानांच्या वाटेत येतो म्हणून कापला गेला. उलवे नदीचे पात्र वळवले गेले. त्या नदीकाठी भाताचे खाचर कोणाचे, शेवाळ कोठे साचत असे, मासळी कोठे मिळे, हे त्या बोटाने हवेत दाखवून सांगू लागल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्याला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा झाला आणि गोळीबारात पाच माणसे गेली, तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, हे सांगताना त्या थांबल्या. आणि नेमकी तेव्हाच आमच्या अध्यक्षांनी टेबलावरची घंटा वाजवली. ‘आजी, आपण जरा विषयाला धरून बोलू या,’ ते म्हणाले. अगदी आदराने म्हणाले. आजी रुमालाची घडी उलगडून पुन्हा घालत खाली बसल्या. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत आणि वहिनीही आल्या नाहीत.

मग मंडळात दोन तट पडले. एक तट म्हणे, अध्यक्षांनी अन्याय केला. यापुढे ज्याला जे बोलायचे ते बोलू द्यावे. दुसरा म्हणे, नियम तो नियम. यापुढे पुस्तक सोडून एक अक्षर निघाले तरी घंटा. दोन रविवार पुस्तकाला हातच लागला नाही. विषयांतर असावे की नसावे, या विषयांतरातच सारा वेळ गेला.

अध्यक्षांची बाजू हलकी नव्हती, हे मला आधी सांगितले पाहिजे. ते निवृत्त शिक्षक. फळ्यावर तारीख लिहिल्याशिवाय तास सुरू न करणारे. त्यांनी विचारले, ‘आपला एक तरुण सभासद रविवारीही पाळी संपवून, गाडी पकडून धावत येतो. आठवड्यात त्याच्या वाट्याला पुस्तकाचे हे दोनच तास. त्यातला एक तास पाण्याच्या टँकरवर, पार्किंगवर आणि कोणाच्या गुडघेदुखीवर गेला तर त्याने कोणाकडे बघायचे?’ याला उत्तर सोपे नव्हते. शेजारच्या संकुलात एक भजनी मंडळ होते. आधी भजनानंतर साड्यांची विक्री आली, मग भिशी आली, मग भिशीचे भांडण आले आणि शेवटी पेटी-तबला कोणाच्या घरी राहणार, एवढाच विषय उरला. जेथे सर्व विषय चालतात तेथे प्रत्यक्षात सर्वांचे विषय चालत नाहीत. ज्यांचा आवाज मोठा आणि वेळ मोकळा, त्यांचेच चालतात. गप्प बसणारा मनुष्य विषयासाठीच आलेला असतो. विषय गेला की तो मुकाट्याने चपला घालतो.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. उलव्यातल्या तेवीस माणसांच्या कितीतरी आधी तो साऱ्या देशाच्या मंडपात होऊन गेला आहे. १८८५ साली मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, बहात्तर प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस सुरू झाली. लगेच प्रश्न निघाला की येथे राजकारणच बोलायचे, की बालविवाह, विधवांचे हाल, जातिभेद हेही बोलायचे? १८८६ साली कलकत्त्याला अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजींनी सांगितले की, सर्व राष्ट्राचा ज्यात सारखा संबंध आहे तेवढेच येथे बोलावे. सामाजिक सुधारणा ज्या त्या समाजाने आपापल्या सभेत पाहावी. त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. मंडपात हिंदू होते, मुसलमान होते, पारशी होते. एकाच्या घरातल्या चालीवर दुसऱ्याने मत कसे द्यायचे?

न्यायमूर्ती रानड्यांनी यावर एक सोयीची वाट काढली. १८८७ पासून सामाजिक परिषद भरू लागली. ती काँग्रेसचे काम आटोपल्यावर, काँग्रेसच्याच मंडपात. ज्याला राजकारण तेवढेच हवे त्याने आपला ठराव करून घरी जावे. ज्याला पुढे बसायचे त्याने बसावे. मंडप एक, वेळ वेगळी. काही वर्षे हे गुण्यागोविंदाने चालले. पण १८९५ साली काँग्रेस पुण्याला भरली, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष होते, आणि टिळकपक्षाने सामाजिक परिषदेला मंडप देण्यास कडवा विरोध केला. भांडण नको म्हणून रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. परिषदेने आपला वेगळा मंडप घालायचे ठरवले तेव्हा तोही जाळण्याची धमकी विरोधकांनी दिली होती, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे. एका मंडपातून विषय बाहेर काढला की तो दुसऱ्या मंडपात सुखाने नांदू देतातच असे नाही, हे त्यावरून दिसते.

बाबासाहेबांनी हे लिहिले त्या भाषणाची कहाणी तर आणखी बोलकी आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना दिले. जात तोडणे हाच त्या मंडळाचा एकमेव विषय. नावातच तो लिहिलेला. बाबासाहेबांनी भाषण लिहून पाठवले आणि मंडळी बिचकली. धर्मग्रंथांवरची टीका आणि आपण हिंदू धर्म सोडणार असल्याची सूचना त्यात होती. हा भाग प्रस्तुत विषयाला सोडून आहे, तो गाळावा, असे त्यांना कळवण्यात आले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे उत्तर दिले. परिषद भरलीच नाही. त्यांनी ते भाषण स्वतः छापले, आणि पहिल्या आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. जातीची मुळे कोठे आहेत हे सांगणे, हे जात तोडण्याच्या परिषदेत विषयांतर ठरावे! वाचकहो, हा नुसता योगायोग नाही. विषयाच्या मुळाशी हात गेला की पुष्कळदा ‘विषयांतर’ म्हणून ओरड होते.

साहित्यात तरी वेगळे काय घडले? १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि त्याच वर्षी कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. साहित्याच्या मंडपात राजकारण कशाला, असे म्हणायला तेव्हा जागा होती. दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेला सभेला उभे केले आणि लेखनस्वातंत्र्याबद्दल जे बोलायचे ते बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगवासही सोसावा लागला. लिहिण्यावरच बंदी असताना लिहिणाऱ्यांच्या सभेने अलंकारांवर बोलत राहणे, हे मला विचाराल तर खरे विषयांतर झाले असते.

पण म्हणून विषयाची चौकट मोडूनच टाकावी काय? तेही नाही. आपल्याकडे दोन्ही तऱ्हेची मासिके होऊन गेली आणि दोघांनीही घरोघर काम केले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. नांगर आणि यंत्रे करणाऱ्या कारखान्याचे ते पत्रक. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात हळूहळू गोष्टी, लेख, चित्रे आणली आणि नांगराचे पत्रक साऱ्या महाराष्ट्राचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली त्याला ‘स्त्री’ ही धाकटी बहीण आणि १९३४ साली ‘मनोहर’ हा भाऊ झाला. विषय सोडला म्हणून मोठे झालेले हे उदाहरण. उलट, र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते लैंगिक ज्ञान आणि संततिनियमन या आपल्या विषयाला चिकटून. खटले झाले, पैसा गेला, पण त्यांनी वर्गणीदार वाढावेत म्हणून आपले मासिक गोडगोड केले नाही. ते त्यांनी केले असते तर अंक जास्त खपले असते आणि आज आपण त्यांचे नावही घेतले नसते.

मग घंटा वाजवायची केव्हा? मला यातून एवढे उमगते की, बोलणे विषयापासून किती लांब गेले हे मोजू नये. ते कोठून निघाले हे पाहावे. टँकरचे बोलणे पुस्तकातून निघालेले नसते. ते बोलणारा घरूनच बरोबर घेऊन आलेला असतो. आजींचे बोलणे पुस्तकातूनच निघाले होते. पुस्तकाने त्यांच्या घराचे दार ठोठावले आणि त्या दार उघडून बाहेर आल्या. आम्ही सारे ज्या कादंबरीविषयी बोलत होतो, तिच्या आतून बोलणारे त्या खोलीत एकच माणूस होते.

आणि दुसरी गोष्ट थोडी बोचरी आहे, पण दिवाळीच्या दिवशीही सांगितली पाहिजे. कोणाच्या बोलण्याला आपण विषयांतर म्हणतो? मी मंडळाची जुनी वही काढून पाहिली. मागच्या हिवाळ्यात एका प्रवासवर्णनावर चर्चा चालू असताना आमच्यातले एक सभासद आपल्या युरोपच्या सहलीवर पाऊण तास बोलले होते. हॉटेलातला नाश्ता, विमानातली खिडकी, जावयाची मोटार, सारे काही. घंटा वाजली नाही. वहीत उलट ‘अनुभवसमृद्ध विवेचन’ असा शेरा आहे. एकाच्या आठवणींना विवेचन म्हणायचे आणि दुसरीच्या आठवणींना विषयांतर, हे घंटेचे काम नव्हे. आपल्यासारखा कपडा, आपल्यासारखी भाषा, आपल्यासारखी सहल असली की ते बोलणे आपल्याला विषयातलेच वाटते. विमानातून उतरलेल्याचे ऐकायला आपल्याला वेळ असतो; विमानासाठी घर सोडलेल्याचे ऐकताना मात्र घड्याळ दिसू लागते.

हे मी मंडळात वाचून दाखवले. अध्यक्ष बराच वेळ वही उलटत राहिले. मग तेच म्हणाले, ‘नियम मी सोडणार नाही, पण नियम सर्वांना एकच हवा.’ रानड्यांची युक्ती मी त्यांच्यापुढे ठेवली आणि शिक्षकाला ती पटली, कारण तिच्यात वेळापत्रक होते. आता आमचे असे ठरले आहे. पहिला दीड तास पुस्तक. त्यात पुस्तकातून निघालेली आठवण चालेल, पण प्रत्येकाला सारखीच मिनिटे. युरोपला जास्त नाहीत आणि उलव्याला कमी नाहीत. मग चहा. चहानंतरचा अर्धा तास मोकळा. त्यात पाणी, पार्किंग, गुडघे, मुलांच्या परीक्षा, काहीही. ज्याला गाडी गाठायची त्याने चहा घेऊन निघावे, त्याला कोणी अडवणार नाही. मात्र त्या अर्ध्या तासातही तीन गोष्टी नकोत: विक्री, मतांची मागणी आणि गैरहजर माणसाची निंदा. तिसरी अट सर्वांत कठीण जाईल, असे एका काकूंनी तेथल्या तेथे सांगून टाकले, आणि दोन्ही तट बऱ्याच दिवसांनी एकदम हसले.

आजींकडे अध्यक्ष स्वतः गेले. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. वहिनी पुन्हा येऊ लागल्या आहेत. आजी अजून आलेल्या नाहीत. एकदा मध्येच तोडलेले बोलणे पुन्हा जुळायला घंटा वाजवण्याइतका कमी वेळ लागत नाही, आणि मंडळाने तेवढी वाट पाहिली पाहिजे.

जुन्या घरांना माजघर असे, देवघर असे आणि बाहेर ओटा असे. देवघरात कोणी धान्य निवडत नसे आणि ओट्यावर कोणी सोवळे पाळत नसे. पण तिन्ही घराचेच भाग होते. ज्या घराला ओटा नाही त्यात आलेला माणूस दारातूनच परत जातो. आणि ज्या घराचा नुसता ओटाच आहे त्यात कोणी राहत नाही. आपल्या फ्लॅटांना ओटे उरले नाहीत. आपल्या मंडळांना, सभांना आणि जेवणाच्या टेबलांना तरी ते ठेवू या. यंदा फराळाला बसाल तेव्हा घरातले वडीलधारे कोणी ‘आमच्या वेळी’ म्हणून विषय सोडून बोलू लागले, तर त्यांना चकलीवर आणायची घाई करू नका. विषय तेथूनच सुरू होत असेल.